पंख्याखालचा घाट

पुण्यात जून ते सप्टेंबर सायकल चालवायची म्हणजे समोरच्या डबक्याखाली रस्ता आहे की नाही, यावर पैज लावायची. पैजेवर लागलेली हाडं माझीच असल्यामुळे मी घरी ट्रेनर आणला. सायकलीचं मागचं चाक काढायचं, साखळी या लोखंडी धुडाच्या दात्यांवर चढवायची आणि पाय मारत तिथल्या तिथे राहायचं. धुडाच्या पोटातलं जड चाक चुंबकाच्या जोराने अडवलं जातं, म्हणून टीव्हीवर चढ आला की पायांनाही चढ लागतो. सासूबाईंनी धुडाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मागचं चाक नंतर पाठवणार आहेत का?"

घरातली सायकल म्हणजे आराम, असं लोकांना वाटतं. तसं मुळीच नाही. रस्त्यावर सिग्नल लागतो, उतार येतो, कोणीतरी ओळखीचं भेटतं. पाय थांबवायला सबबींची कमी नाही. घरात ट्रेनरचा 'एर्ग' मोड लावला की यंत्र ठरलेले वॅट सावकारासारखे वसूल करतं. पाय मंदावले तर दया दाखवण्याऐवजी ते आणखी आवळतं. शिवाय वारा नाही. रस्त्यावर घाम अंगावर वाळतो आणि अंग निवतं. खोलीत तो टपटप फरशीवर पडतो, अंग तापत जातं आणि तेवढ्याच वॅटला नाडी चढत राहते. समोर टेबलफॅन, हँडलवर पंचा, खाली जुनी चादर असा सगळा थाट मांडून मी पहाटे बसायचो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा वर येऊन अत्यंत सौजन्याने विचारलं, "बोअरिंग घेताय का?"

पण मी त्या वेळी पुण्यात नसायचोच. मी वाटोपियात असायचो. झ्विफ्ट नावाच्या अ‍ॅपमधलं हे काल्पनिक बेट. नकाशावर ते पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर बसवलंय. तिथे फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटाची हुबेहूब नक्कल आहे: तशीच २१ वळणं, हजार मीटरहून जास्त चढ. खऱ्या आल्प द्युएझवर १९५२ साली सायकलपटू फाउस्टो कोप्पी शर्यत जिंकला होता. नकलेवर मी चढत होतो, आणि माझ्या मते आमच्या दोघांत फार अंतर नव्हतं.

हिला ते पटेना. मी दाखला दिला, "२०२० साली या आभासी सायकलिंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जिंकला कोण? जेसन ऑस्बोर्न. जर्मनीचा, मूळचा नौकानयनपटू! पुढे त्याला खऱ्या रस्त्यावरच्या व्यावसायिक संघानेही घेतलं."

"तो निदान होडी तरी वल्हवत होता," ही म्हणाली.

आता वजनाचं. अ‍ॅपमध्ये आपण किती वेगाने चढतो, हे मुख्यतः किलोमागे किती वॅट यावर ठरतं. वॅट यंत्र मोजतं. किलो आपण सांगायचे. मी सांगितले बहात्तर. हा आकडा पूर्णपणे बनावट नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये त्याचे पुरावे आहेत. आणखी एक सोय म्हणजे 'ट्रेनर डिफिकल्टी' नावाची पट्टी. ती मुळातच निम्म्यावर ठेवलेली असते. पडद्यावर दहा टक्के चढ असला तरी पायांना पाचच लागतो. वर पोचायचे वॅट त्यामुळे कमी होत नाहीत, पण गियर पुरतात आणि पाय झोकात फिरत राहतात. मला तो झोक स्वतःचा वाटला.

पाऊस सरल्यावर एका रविवारी सिंहगडाला निघालो. हजार मीटरवाल्याला सिंहगड म्हणजे हातचा मळ, असं आदल्या रात्री जेवताना सर्वांना सांगून झालं होतं. पायथ्याच्या गोळेवाडीपर्यंत सगळं छान. मग चढ सुरू झाला. मी शेवटचा गियर टाकला. थोड्या वेळाने त्याच्यापुढचा शोधला. तो नव्हता. पट्टीही नव्हती.

पाय तरी काही काळ इमानाने लढले, हे सांगायला हवं. चार महिन्यांचा घाम अगदीच वाया गेला नव्हता. दगा दिला बाकीच्या देहाने. खिळवलेल्या सायकलीवर मी दोन्ही हात सोडून पाणी प्यायचो, पंच्याने तोंड पुसायचो, क्रिकेटचा स्कोअरही बघायचो. त्याच सवयीने बाटलीला हात घातला. सायकल डावीकडे, बाटली उजवीकडे. बाटली घरंगळत निघाली, आणि त्या दिवशी आमच्या दोघांपैकी जास्त वेगवान तीच ठरली. मी पेडलमध्ये अडकलेल्या बुटांसकट गवतात आडवा झालो. खोलीत कधी पाय जमिनीवर टेकवावा लागला नव्हता, त्यामुळे टाच बाहेर फिरवून बूट सोडवायचा असतो, हे पायाला आठवलं ते पडल्यानंतर.

लागलं काहीच नाही, हे त्यातल्या त्यात वाईट. लंगडण्याचीही सोय राहिली नाही. सायकल ढकलत निघालो. टोपली घेऊन वर चाललेल्या ताकवाल्या मावशी बरोबरीला आल्या.

"पंक्चर झाली का, दादा?"

"नाही."

"मग ढकलताय का?"

मी साखळीविषयी काहीतरी पुटपुटलो. मावशींनी साखळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. पुढल्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्या.

तेवढ्यात खालून जीप आली. मी हात केला. आतल्या कॉलेजच्या पोरांनी सरकून जागा केली, 'या काका' म्हणून. चालकाने सायकल टपावर बांधली, तिचं भाडं वेगळं सांगितलं आणि मी कडेच्या जागेवर टेकणार तोच मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काका, तुम्ही मधोमध बसा. कडेला बसलात तर वळणावर गाडी ओढते."

बहात्तर हा आकडा अगदी ओठांवर आला होता. मी गुपचूप मधे सरकलो.