'अपेक्षेप्रमाणे बाहेर' : एका ऑस्करपंडितास अनावृत पत्र

मु. पो. सावर्डे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी
23 जानेवारी 2025, रात्री

श्रीयुत ऑस्करपंडित यांस,
स. न. वि. वि.

आज संध्याकाळी सातला ऑस्करची नामांकनं जाहीर व्हायला सुरुवात झाली. ती संपतात न संपतात तोच तुमची पोस्ट आली : 'पायल कपाडिया अपेक्षेप्रमाणे बाहेर.' अपेक्षेप्रमाणे? कोणाच्या? काल सकाळपर्यंत दिग्दर्शनाच्या पाच नावांत तुम्हीच त्यांना पाट मांडून बसवलं होतं, वर 'लिहून ठेवा' असं बजावलंही होतं. मी लिहून ठेवलं. हे पत्र त्यामुळेच.

तुमच्या आत्मविश्वासाचं मला कौतुक आहे. लॉस एंजेलिसला वणवे पेटले, मतदानाची मुदत वाढली, नामांकनांची घोषणा 17 जानेवारीवरून 19 ला आणि 19 वरून 23 ला ढकलली गेली. प्रत्येक वेळी तुम्ही भाकितांची नवी यादी काढलीत, जुनीबद्दल चकार शब्द नाही. आमच्या गावातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचंही हेच. पूर्ण होण्याची नवी तारीख येते, जुनीचा हिशेब कुणी मागत नाही. फरक एवढाच, की रस्त्यापायी निदान मंत्र्यांना तरी शिव्या घालता येतात.

2023 च्या जानेवारीत 301 चित्रपटांची नुसती पात्रता-यादी आली, त्यात 'मी वसंतराव'चं नाव दिसलं आणि तुम्ही त्याला थेट ऑस्करच्या दारात नेऊन उभं केलंत. ते सोडून देतो.

गेला सप्टेंबर मात्र सोडणार नाही. फिल्म फेडरेशनच्या समितीनं भारताकडून ऑस्करला पाठवायला 29 चित्रपटांतून 'लापता लेडीज' निवडला आणि पायल कपाडियांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' घरीच ठेवला. हा चित्रपट मे महिन्यात कान महोत्सवातून ग्राँ प्री घेऊन आलेला. तिथल्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोचलेला भारतीय चित्रपट! फेडरेशनच्या अध्यक्षांनी कारण सांगितलं, की समितीला हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. तेव्हा तुम्ही काय लिहिलंत? 'धोरणी निवड. नामांकन पक्कं.' डिसेंबरात पंधरा चित्रपटांच्या प्राथमिक यादीतूनच 'लापता लेडीज' गळाला. तेव्हाही तुमच्या मते ते अपेक्षितच होतं.

युरोपीय! अहो, त्यातली पार्वती मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवरा गेलेला, चाळीतल्या खोलीचे कागद नाहीत, बिल्डर दारात. शेवटी बोचकं बांधून ती रत्नागिरीतल्या आपल्या गावी येते. या महिन्यात चित्रपट हॉटस्टारवर आला, तेव्हा आमच्या वाडीत तो मोबाईलवर बघितला गेला आणि कुणालाही युरोप आठवला नाही. आठवली ती लालबागची मावशी आणि परळचे काका. गिरण्या बंद पडल्यापासून असले कागद शोधण्यात आमच्या घरांची हयात गेली. तेरा जणांच्या त्या समितीत एकही बाई नव्हती. पार्वती त्यांना परकी वाटली असेल तर नवल नाही. पण तुम्ही? तुम्ही तर आमच्यातलेच ना? गंमत म्हणजे छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत. 'लापता लेडीज'मधली त्यांची मंजूमाई पाठवली, पार्वती ठेवली. आणि फ्रान्सनं पाठवलेल्या 'एमिलिया पेरेझ'ला आज तेरा नामांकनं मिळाली. तेराचा आकडा असाही वापरता येतो.

असो. रागात बरंच लिहिलं गेलं. खरं सांगू? दिग्दर्शनाची तुमची ती यादी पुन्हा वाचली तेव्हा थोडं वाईट वाटलं. ज्या पाच जणांना नामांकन मिळालं त्यांची नावं कोणताही हिशेबी माणूस सांगू शकला असता. पायलचं नाव तिथं हिशेबानं आलेलंच नव्हतं. तुम्हाला ते मनापासून हवं होतं. 2004 मध्ये 'श्वास' ऑस्करला निघाला, प्रचाराला पैसे नव्हते, तर लोकांनी वर्गणी काढली. नामांकन मिळालं नाही, पण देणाऱ्यांपैकी कुणी उठून 'आम्हाला ठाऊकच होतं' म्हणालं नाही. त्यांनी फक्त 'मिळावं' म्हटलं होतं. तुम्हालाही तेवढंच म्हणायचं असतं. मग तसं म्हणा की! इच्छेला आकडेवारीचा कोट कशाला घालता? आणि हरल्यावर तो कोट झटकून आम्हालाच शहाणपण का शिकवता?

तेव्हा विनंती विशेष एवढीच, की पुढच्या भाकिताआधी यंदाची यादी चुकांसकट छापा. कुठे हिशेब चुकला आणि कुठे नुसता जीव अडकला होता, तेही लिहा. जमत नसेल तर पोस्टला मथळाच द्या : 'यंदाचे आमचे नवस'. मी पहिला वाचेन, आणि पायलबाईंच्या पुढच्या चित्रपटासाठी माझाही एक नारळ त्यात धरा.

आपला,
एक वाचक

ता. क. : 'अनुजा' या लघुपटाला आज नामांकन मिळालं. हे आपण आधीच सांगितलं होतं, असं उद्या लिहू नका. तुमच्या तिन्ही याद्या माझ्याकडे आहेत.