चुकीचा चेंबरलेन

त्या भिंतीवरचा चेंबरलेन चुकीचा आहे. हे मी वेटरला सांगितलं, मॅनेजरला सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी जोडप्याला सांगितलं आणि हात धुताना आरशात बघून स्वतःलाही सांगून घेतलं. असल्या गोष्टी ठसक्यात सांगायच्या तर तालीम लागते.

स्नूकर ज्याने जन्माला घातला तो नेव्हिल चेंबरलेन फौजेतला. १८७५चा पावसाळा, जबलपूरची छावणी, बाहेर पडायची सोय नाही, आणि एकोणीस वर्षांच्या या पोराला मेसमधल्या बिलियर्ड टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडून बघायची लहर आली. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले आणि खेळ मार्गी लागला. या बारच्या भिंतीवर मात्र आहे तो त्याच नावाचा विलायतेचा पंतप्रधान. छत्री, मिशा आणि म्युनिकला हिटलरशी तह करून आल्याचं समाधान. खाली पितळी पाटी: ‘स्नूकरचा जनक’. आता गंमत अशी, की म्युनिकचा तह १९३८चा. आणि ‘हा खेळ माझा’ असं त्या म्हाताऱ्या कर्नलने इंग्लंडातल्या एका नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं तेही १९३८ सालीच. हे वाक्य झालं की मी थांबतो, घोट घेतो आणि समोरच्याचा चेहरा न्याहाळतो. समोरचा सहसा मेनूकार्ड न्याहाळत असतो.

‘‘सर, आम्हाला फक्त पुसायला सांगितलंय,’’ वेटर म्हणाला. त्याच्या डोक्याला मावळ्याचं पागोटं, कमरेला शेला, खाली काळी जीन्स. गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये मावळा काय करतोय, हा प्रश्न मी गिळला. एका संध्याकाळी एकच मुद्दा, असं पथ्य बायकोने घालून दिलंय. पुढच्या खेपेला गेलो तर फोटो बदललेला! छाती फुगली. जवळ जाऊन बघतो तर एका डोळ्याला भिंग लावलेला जोसेफ चेंबरलेन, म्हणजे त्या पंतप्रधानाचा बाप. पाटी तीच.

मला तिथे नेतो तो माझा भाचा. मामाला जुन्या वस्तूंची आवड आहे, असं त्याचं मत. खरं तर आवड जुन्या वस्तूंची नाही, त्यांच्याबद्दल बोलण्याची आहे. पण बिल तो भरतो, तेव्हा असला सूक्ष्म भेद मी त्याच्यापाशी काढत नाही.

बोलायला मुबलक आहे. पेठेतला कुठलासा वाडा पडला, त्याचे सागवानी खांब इथे उभे आहेत आणि कशालाच आधार देत नाहीत. वाड्याची चौकट गणेशपट्टीसकट उचलून आणलीय आणि बसवलीय पुरुषांच्या स्वच्छतागृहाला. मी आत जाताना सवयीने हात जोडतो, मग कुठे निघालोय ते आठवतं. घंगाळात बर्फ आणि बर्फात बिअरच्या बाटल्या. चिपट्यात खारे दाणे. ‘‘दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर,’’ मी भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, ‘‘मामा, रिफिल फ्री आहे.’’ पितळेवरचा जो हिरवा कळंक आमच्या आईने जन्मभर चिंचेने घासून काढला, तो इथे पैसे मोजून चढवून घेतलाय. ग्रामोफोनचा कर्णा तेवढा लखलखीत, त्यामुळे कळतं की तो नवाच. चोरबाजारात असे जोडून मिळतात, वर कुत्र्याचं चित्र, आत सुईचा पत्ता नाही. भिंतीवरचा वाघ फायबरचा. ते एका अर्थी बरंच आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्याने वाघाची तरी सुटका केली. आणि या सगळ्या इतिहासाच्या मधोमध जे टेबल आहे ते स्नूकरचं नाहीच, पूलचं आहे. स्नूकरचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. ते ठेवलं तर गिऱ्हाईक बसवायचं कुठे?

काचेच्या पेटीत तीन चेंडू आहेत. ‘ओरिजिनल हस्तिदंती’ असं कार्ड. मी पेटीवर नाक टेकवून बघितलं. हस्तिदंती चेंडू सुळ्याच्या गाभ्यातून कातायचे, मज्जातंतूची नळी बरोबर मधून जाईल असे. म्हणून खऱ्या चेंडूवर समोरासमोर दोन बारीक ठिपके दिसतात. इथे ठिपका नाही, रेषा नाही, गुळगुळीत प्लॅस्टिक. आणि मला एकदम उचंबळून आलं, कारण प्लॅस्टिक म्हटलं की माझी गाडी जिथे जाते तिथे ती आता जाणारच होती.

एका सुळ्यातून चेंडू निघायचे मोजके, आणि बिलियर्ड तर अमेरिकेत घरोघर शिरलेलं. हत्ती पुरेनात. १८६३ मध्ये फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्डवाल्यांनी जाहीर केलं: हस्तिदंताला पर्याय शोधा, दहा हजार डॉलर न्या. जॉन वेस्ली हायट नावाचा छापखान्यात काम करणारा माणूस इरेला पेटला आणि त्यातून सेल्युलॉइड निघालं. माल ज्वालाग्राही. हायटने म्हातारपणी सांगितलेला किस्सा असा, की कोलोरॅडोतल्या एका बारवाल्याचं पत्र आलं: चेंडू चेंडूवर आपटला की बारीकसा बार उडतो, माझी त्याला हरकत नाही, पण बार उडाला की खोलीतला एकूण एक माणूस पिस्तूल उपसतो.

इथे लोक हसतात आणि मला वाटतं आपण रंगलो. खरी गोष्ट तर पुढेच आहे. हेच सेल्युलॉइड पातळ लाटून त्याची फिल्म झाली. तीच फिल्म दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून आणवली, दादरच्या घरात सरस्वतीबाई रात्री बसून तिला भोकं पाडायच्या, दिवसा सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करायच्या. तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या हॉटेलातले अण्णा साळुंके मिशा उतरवून उभे राहिले. ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे बघा, हत्तीचे दात अपुरे पडले म्हणून मराठी माणसाला सिनेमा मिळाला! हे मी लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना सांगायचा प्रयत्न केलाय, एका रिक्षावाल्याला सिग्नलच्या आत बसवून दाखवलंय. माझ्या चरित्रात एक अख्खं प्रकरण याच्यावर असावं अशी माझी इच्छा आहे. चरित्र कोण लिहिणार, तेवढंच ठरायचंय.

पण या गोष्टीला शेपूट आहे आणि ते मी पंगतीत सांगत नाही. ती फिल्मही तशीच पेट घेणारी. २००३च्या जानेवारीत पुण्यातच, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांची मूळ रिळं गेली. ‘राजा हरिश्चंद्र’ही आज अख्खा कुठे नाही, तुकडेच आहेत. जे खरं होतं ते जळलं, आणि बिनसुईचा ग्रामोफोन स्पॉटलाइटखाली सुखात आहे.

‘‘मामा, तुझा टर्न.’’

आता, वाड्यातला कॅरम माझ्याइतका कुणी खेळला नसेल. तेव्हा क्यू हातात घेताना चेहऱ्यावर जो शांत भाव यायला हवा तो माझ्याकडे तयार होता. चॉक लावला, जास्तच लावला. कुशनवर हनुवटी टेकवली, एक डोळा मिटला. पलीकडच्या टेबलावरून एक मुलगी मोबाइल रोखून उभी होती. चला, कुणाला तरी दर्दी माणूस ओळखता येतो म्हणायचं! मी ती मुद्रा अंमळ धरून ठेवली. ‘‘अंकल, जरा साइडला व्हाल? मागचा बंब येत नाहीये.’’ मी साइडला झालो. चेंडू त्यामुळे कुठे गेला ते सांगण्यात काही विशेष नाही.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढ्या भिंती, एवढे साहेब, दोन-दोन चेंबरलेन, आणि विल्सन जोन्स कुठेच नाही. जोन्स जन्मला इथे, पुण्यात, १९२२ मध्ये. १९५८ला कलकत्त्यात बिलियर्डचं हौशी जगज्जेतेपद त्याने जिंकलं. कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. १९६४ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकलं. पाटी लावायला याहून काय पाहिजे? मॅनेजरला म्हटलं. तो म्हणाला, ‘‘लोकल हिरो थीममध्ये बसत नाही, सर.’’ वेटरच्या पागोट्याकडे मी नुसतं बोट दाखवलं. त्याला वाटलं पाणी हवंय. पाणी आलं.

त्या पाण्याच्या घोटाबरोबर बिअरच्या नळावर नजर गेली. तिथे एक जोडपं आहे. फोटो जुना, कडा तपकिरी. आजोबा खुर्चीत, कोट, उपरणं, पगडी. आजी शेजारी, नऊवारीत, पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून नीट जुळवून घेतलेले. स्टुडिओच्या चित्रकाराने नथीला आणि पाटल्यांना सोनेरी रंग भरलाय. एका पाटलीचा रंग बाहेर ओघळलाय. आजी कॅमेऱ्याकडे बघत नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला कुणीतरी होतं, बहुधा रडणारं मूल, त्याच्याकडे बघतेय. आता तिच्या नाकासमोर पिचर भरतात.

‘‘हे कोण?’’ मी विचारलं.

‘‘व्हिंटेज कपल,’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘जुन्या बाजारातून लॉट घेतला होता. आवडलं का सर? सगळं सेलला आहे.’’

त्याने फ्रेम काढून माझ्या हातात दिली. मागचा पुठ्ठा सुटला होता. आत शिसपेन्सिलीने, वळणदार अक्षरात तीनच शब्द: ‘पाहून परत करणे’. कुणी, कुणाला, काही नाही. मुलीच्या सासरी दाखवायला धाडला असेल, परगावच्या भावाला धाडला असेल. पाहणाऱ्याने पाहिला. परत करायचं राहिलं.

आणि मी नको ते बोललो. ‘‘आमच्यातलेच वाटतात हो.’’ क्षणात किंमत वाढली. रिलेटिव्ह असतील तर सेंटिमेंटल व्हॅल्यू येते, असं त्याचं म्हणणं. मी पुणेकर आहे, घासाघीस मला नवी नाही. पण समोर आजोबा पगडी घालून बसलेले असताना त्यांचा भाव पाडायला जीभ उचलेना. भाच्याने मला मागे सारलं.

‘‘नुसता फोटो दिला तर?’’

मॅनेजरने विचार केला. ‘‘फ्रेम राहू दे आमची. शिसवी आहे. मग फोटोचे काही नको.’’

त्याने नखाने खिळे वाकवले, जोडपं बाहेर काढलं आणि टिश्यूत गुंडाळून मला दिलं. फ्रेममध्ये दुसरं कुणीतरी लावू, म्हणाला, लॉटमध्ये बरेच आहेत.

गाडीत बसल्यावर भाचा म्हणाला, ‘‘मामीला काय सांगणार, कोण आहेत म्हणून?’’

‘‘पाहायला आणलाय म्हणेन,’’ मी म्हटलं, ‘‘परत द्यायचाय.’’