वर्ध्यास उतरावे कोठे?

भूमध्य समुद्राच्या काठच्या मार्सेय बंदरात नोकरीनिमित्त राहून आलेल्या आमच्या भाचेसाहेबांनी तेथील हॉटेलांची प्रतवारी समजावून सांगितली, तेव्हा मला जमाबंदीच्या दप्तराची आठवण झाली. ज्या खोलीच्या खिडकीतून समुद्र सबंध दिसतो तिचा आकार अव्वल. मान वाकडी केली असता जिच्यातून तो कसाबसा दिसतो ती दुय्यम. आणि जिच्यातून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे तेवढे दिसतात ती विद्यार्थ्यांकरिता. पैसा तसा मुक्काम, असे हे सरळ त्रैराशिक. आमच्या वर्ध्यात मात्र ते मांडता येत नाही; कारण जो मुक्काम सर्वांत गैरसोयीचा तोच सर्वांत प्रतिष्ठेचा, अशी येथील जुनी वहिवाट आहे.

या वहिवाटीचे मूळ शोधू गेल्यास, योगायोग असा की, मार्सेयलाच जावे लागते. गोलमेज परिषदेस निघालेले गांधीजी ११ सप्टेंबर १९३१ रोजी त्या बंदरात उतरले, तेव्हा जकातीच्या अंमलदारापुढे त्यांनी जी मालमत्ता जाहीर केली तीत चरखे, तुरुंगातली भांडी, बकरीच्या दुधाचा डबा आणि पंचे यांखेरीज फारसे काही नव्हते. पुढे लंडनमध्येही बड्या हॉटेलांचा मोह टाळून हे गृहस्थ पूर्वभागातल्या गरीब वस्तीत, म्युरिएल लेस्टर यांच्या किंग्जली हॉलमध्ये जाऊन राहिले. असा प्रवासी काही वर्षांनी आमच्या जिल्ह्यात बिऱ्हाड करता झाला, तेव्हाच येथील हॉटेलधंद्याचे भवितव्य ठरून गेले, असे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावास राहावयास गेले. झोपडीचा खर्च पाचशे रुपयांच्या आत बसला पाहिजे, आणि सामान आसपासचेच असले पाहिजे, असे त्यांचे फर्मान होते. एकट्यानेच राहावे असा बेत होता खरा. परंतु थोर पुरुषाने एकांत पत्करला की तो पाहावयास गर्दी लोटते, या न्यायाने आदिनिवास नावाच्या त्या झोपडीच्या एकाच छपराखाली स्वतः गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे अशा सर्वांच्याच पथाऱ्या पडू लागल्या. सेगावचे टपाल वारंवार शेगावास जाते म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. त्या चुकलेल्या पत्रांची उतरण्याची सोय मात्र तेथील गजानन महाराजांच्या कृपेने अधिक बरी लागली असावी.

तिकडे वर्धा शहरात जमनालाल बजाजांची बजाजवाडी अतिथींसाठी सदैव सज्ज असे. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, राजेंद्रबाबू अशी मातबर मंडळी तेथे उतरत, आणि १४ जुलै १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा पाया घालणारा कार्यकारिणीचा ठराव वर्ध्यातच झाला. साम्राज्यास निघून जाण्याची नोटीस लिहावयाची तर आदल्या रात्री झोप नीट लागलेली असावी, हे त्या घराण्याने ओळखले असावे. तरीदेखील सेवाग्रामच्या मातीच्या जमिनीवर ज्याला चटई मिळाली, तो बजाजवाडीच्या गादीवरील माणसाकडे किंचित करुणेने पाहत असेल, याविषयी मला शंका नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामी राहिले. पाऊस येईपर्यंत वर्ध्याचा जून हा मे महिन्याचाच वाढीव मुदतीचा भाग असतो, याची त्यांस कल्पना कोणी दिलेली दिसत नाही. तेव्हा त्यांनी पत्र्याच्या टपात पाणी भरले, त्यात एक खोके ठेवून त्यावर स्वतः बसले, टपाबाहेरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकयंत्र मांडले, आणि अशा जलसमाधिस्थ अवस्थेत त्यांनी मुलाखतींची टिपणे बडविली. पानात रोज तीच भाजी येते अशी तक्रार केली, तेव्हा तीत मीठ आणि लिंबू भरपूर घाला, असा सल्ला खुद्द यजमानांनी दिला. आज एखाद्या हॉटेलवाल्याने असे उत्तर केले तर ग्राहक आयोगाची नोटीस यावयाची. फिशरसाहेबांनी मात्र त्या आठवड्यावर सबंध पुस्तक लिहिले.

इतिहास असा असल्यामुळे, ‘तुमच्याकडे चांगले हॉटेल कोणते?’ असे कोणी विचारले की आम्ही वर्धेकर थोडे घुटमळतो. स्टेशनाजवळ लॉज आहेत. आमचे पुण्याचे साडू बेताच्या खर्चाचे कैवारी, म्हणून त्यांना अशाच एका ठिकाणी घेऊन गेलो असता, भाचेसाहेबांची प्रतवारी कानावर असल्याने त्यांनी प्रथम खिडकीबाहेर काय दिसते याची चौकशी केली. व्यवस्थापकाने खिडकी उघडली.

“फलाट दिसते जी. गाडी आली का इथूनच पाहाची, अन् मंगच खाली उतराचं.”

“आणि कूलर?”

“आहे नं जी. पानी तेवढं तुमाले टाका लागते.” असे म्हणून त्याने एक बादली अत्यंत आदरपूर्वक साडूंच्या हाती दिली.

मुंबई-नागपूर मार्ग आणि बल्लारशाहकडून येणारा मार्ग येथे मिळत असल्याने रात्रभर गाड्यांची वर्दळ असते, आणि प्रत्येक गाडीगणिक जागे होऊन साडू कूलरला पाणी पाजीत बसले. पहाटेपर्यंत त्यांना वेळापत्रक मुखोद्गत झाले होते.

सरकारी विश्रामगृह हा मधला पर्याय. कोठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे भाडे माफक आणि खानसामा बहुधा अनुभवी असतो. फक्त तेथील आरक्षण हे राज्यघटनेतील राज्यपालपदाप्रमाणे मर्जी असेपर्यंतच चालू राहते, आणि मंत्रिमहोदयांचा दौरा निघाला की अर्जदाराची वळकटी व्हरांड्यात येते. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे संध्याकाळच्या सोयीच्या बाबतीत मात्र अव्वल आणि दुय्यम असा भेद नाही, निदान दप्तरी तरी नाही.

सेवाग्राम आश्रमासमोरचे यात्री निवास आहेच. ज्यांना साधेपणाचा अनुभव हवा असतो, आणि हल्ली असे लोक मुंबईहून फार येतात, त्यांना मी तेच सुचवितो.

सर्वांत स्वस्त मुक्काम म्हणजे अर्थातच परिचितांचे घर. २०२३ च्या फेब्रुवारीत शहाण्णवावे साहित्य संमेलन वर्ध्यास भरले, तेव्हा गावातील खोल्या संपल्यावर आमच्या ओसरीवर कवी उतरले. भाडे घेण्याचा प्रश्नच नव्हता; परंतु कवी स्वाभिमानी असल्यामुळे रोज रात्री जेवणानंतर ते भाडे फेडीत, आणि सौभाग्यवतींनी “भावजी, राहू द्या ना आता,” असे कितीदा विनविले तरी मागची बाकी ठेवीत नसत.

राहता राहिले गडगंज पैसेवाले. त्यांची पंचाईत खरी. इतरत्र वरची पायरी पैशाने चढता येते. येथे पैसा खर्च कोठे करावा हेच कळत नाही. म्हणून ते पाऊणशे किलोमीटरवरील नागपुरात, पोहण्याचा तलाव असलेल्या हॉटेलात झोपतात, सकाळी वातानुकूलित मोटारीने सेवाग्रामी येऊन बापूकुटीत घटकाभर मांडी घालून बसतात, मातीच्या भिंतीवर हात फिरवून ‘इथेच राहायला हवं होतं’ असे उद्गारतात, आणि परत जाताना गोरसपाक बिस्किटांचा एक पुडा घेतात. त्याचीही पावती मागून घेतात.