अंधाराचे तिकीट

आमचे साडू भिवंडीच्या बाजारात सुताचा व्यापार करतात, आणि सुताची पारख उजेडातच करावी लागत असल्यामुळे की काय कोण जाणे, अंधार नावाचा माल कोणी विकील आणि आपण तो रोख पैसे मोजून घेऊ, ही कल्पना त्यांच्या व्यवहारबुद्धीला कधी शिवलीच नव्हती. टेमघरात राहणाऱ्या माणसाला ती शिवूही नये. कारण भारनियमनाच्या दिवसांत आम्ही तेथे अंधार इतका मुबलक आणि बिनमोल उपभोगला आहे, की यंत्रमागांचा खडखडाट एकाएकी थांबला म्हणजे गाढ झोपलेली मुले शांततेने दचकून जागी होत. तथापि मुलांचा हट्ट आणि दोघी बहिणींचे एकमत या दोन गोष्टींपुढे अपील चालत नसल्याने, एका रविवारी भल्या पहाटे आम्ही नऊ जण भाड्याच्या गाडीत सात जणांच्या जागेत स्थानापन्न झालो आणि मेट्रोच्या खांबांच्या रांगेने कल्याणच्या दिशेला लागलो.

कोनगाव मागे टाकून पूल लागला, तेव्हा साडूंनी आपला नवा मोबाइल बाहेर काढला. ज्या खाडीकाठी शिवछत्रपतींनी आरमाराचा श्रीगणेशा केला असे सांगतात, तेथला दुर्गाडी किल्ला झुंजुमुंजू प्रकाशात मोठा रम्य दिसत होता. साडूंनी धावत्या गाडीच्या बंद काचेआडून त्यावर फ्लॅश टाकला, आणि छायाचित्रात किल्ल्याच्या जागी एक दिव्य तेजोगोल व त्याखाली साडूंचाच अंगठा अवतीर्ण झाला. “काच मळकी आहे,” असा निकाल देऊन त्यांनी काच पुसून घेतली. पुढे शिळफाट्याला मुलांनी ओकाऱ्या काढल्या. तो तपशील गाळतो.

आम्ही निघालो होतो ते खालापूर तालुक्यातले इमॅजिका नावाचे मनोरंजन उद्यान 2013 साली सुरू झाले, आणि त्यातल्या काळोखातून जाणाऱ्या ज्या जलसफरीसाठी मुलांनी घर डोक्यावर घेतले होते तिचा नायक राजासॉरस हा कोणी परदेशी पाहुणा नव्हे, तर अस्सल एतद्देशीय डायनासोर आहे. गुजरातेत रहिओलीजवळ त्याची हाडे सापडली, 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याचे रीतसर नामकरण केले, आणि नर्मदेच्या खोऱ्यातला म्हणून ‘नर्मदेन्सिस’ असे गावाकडचे आडनावही त्याला लावले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो लाव्हा दख्खनवर पसरला तोही साधारण त्याच युगात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. सबब हा राजा आपल्या खडकांचा समकालीन म्हणावयास हरकत नाही. एवढी माहिती मी रांगेत उभ्या मुलांना दिली. त्यांनी ती ऐकली नाही.

होडी सुटण्यापूर्वी एका तरुण सेवकाने मनाई हुकूम ऐकवला: उभे राहू नये, हात बाहेर काढू नये, फ्लॅश वापरू नये. साडू माझ्या पाठीमागल्याच बाकावर होते. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पहिली दोन कलमं जिवाची आहेत, ती पाळायची. तिसरं नुसतं शिष्टाचाराचं आहे.” वास्तविक अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि तेथे त्यांनी ती निमूटपणे पाळलीही होती, पण तेथे पहारेकरी डोळ्यांसमोर उभा होता. येथे मिट्ट काळोख होता, आणि काळोखात कायदा दिसत नाही.

मनुष्याच्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. नेत्रपटलावरचे एक नाजूक रंगद्रव्य तेवढ्या अवकाशात हळूहळू साठत जाते, आणि एका लखलखाटासरशी ते सांडून जाते. आम्हाला जेमतेम दोन मिनिटे मिळाली. पाण्याचा चुळचुळाट, कोठून तरी येणारा खोल गुरगुराट, कुटुंबाने माझ्या दंडात रुतवलेली पाच नखे, असा भयरसाचा परिपोष उत्तम चालला असतानाच मागून वीज कडाडली, आणि साडेसहा कोटी वर्षांचे ते अरण्य एका क्षणात आमच्या ओळखीचे झाले: छताच्या लोखंडी कैच्या, पाण्याचा पाइप, लालभडक अग्निशामक नळकांडे, आणि त्यांच्या मध्यभागी जबडा वासून थिजलेले ते महाराज. “बाबा, ह्याच्या पोटाला शिवण आहे!” असे साडूंचे धाकटे चिरंजीव सुस्पष्ट आवाजात म्हणाले, आणि संपूर्ण होडीची भीती एकदम उतरली. पाठोपाठ दुसरी वीज, मग तिसरी. शेवटच्या बाकावरून एक आजीबाई ओरडल्या, “अवो दादा, बंद करा की तो दिवा! भ्यायला पैसं दिल्यात आमी!”

फ्लॅशच्या शिष्टाचारावर याहून नेमके भाष्य मला कोणत्याही नियमावलीत आढळलेले नाही.

परतीच्या वाटेवर साडूंनी छायाचित्रांचा नजराणा सर्वांपुढे ठेवला. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, हा सृष्टीचा वसुलीचा कायदा मोबाइलच्या इवल्याशा दिव्यालाही चुकत नाही. दूरच्या डायनासोरपर्यंत त्या उजेडातले छायाचित्रापुरते काही पोचलेच नव्हते, आणि जे वाटेतच वसूल झाले ते सगळे माझ्या टकलावर. होडीतली एकूण एकतीस छायाचित्रे होती. एकतिसांतही काळ्याभोर पार्श्वभूमीवर माझे मस्तक पौर्णिमेच्या चंद्रासारखे तळपत होते. एकात त्याच्या डाव्या अंगाला अग्निशामक नळकांडे आले होते, एवढाच काय तो पालट. “तुम्ही जरा खाली वाकायला हवं होतं,” साडू म्हणाले. मी माफी मागितली. कुटुंबाने मात्र त्यांतले एक पसंत करून स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतले.

टेमघरात पोचलो तो रात्रीचे दहा वाजले होते, आणि आमच्या आळीतली वीज गेलेली होती. “थांबा, दिवा लावतो,” म्हणून साडूंनी मोठ्या रुबाबात खिशात हात घातला. पण दिवसभराच्या लखलखाटाने मोबाइलची बॅटरी पार संपली होती. आमचे मोबाइल बायकांच्या पिशवीत, पिशवी गाडीत, आणि गाडी वळून निघूनही गेलेली. तेव्हा एकमेकांच्या सदऱ्याला धरून नऊ जणांची ती आगगाडी जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर कोणीतरी बाहेर काढून ठेवलेले, ताडपत्रीत गुंडाळलेले जुने कपाट होते, ताडपत्री वाऱ्याने किंचित हलली, आणि पोटाची शिवण दाखवणारे ते चिरंजीव “राजासॉरस!” अशी किंकाळी फोडून आपल्या तीर्थरूपांच्या पाठीवर चढले. तीर्थरूप माझ्या पाठीवर आले.