पार्सलमित्र

पुण्यातल्या प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांच्या जोडीला एक चौथा पदाधिकारी असतो. त्याची निवडणूक होत नाही, त्याला मानधन मिळत नाही आणि त्याची मुदतही कधी संपत नाही. घरपोच माल आणून देणाऱ्या मुलांच्या सुखसोयींचा बंदोबस्त हे आपले विहित कर्तव्य आहे, अशी या गृहस्थाची बालंबाल खात्री असते. आणि तो टपाल खात्यातून निवृत्त झालेला असला, तर त्या कर्तव्यनिष्ठेला पारावार उरत नाही. आमच्या इमारतीतले पार्सलमित्र टपाल खात्यातलेच आहेत.

त्यांच्या दाराबाहेर एक स्टूल, त्यावर तांब्या-भांडे आणि पावसाळ्यात ओले हेल्मेट ठेवण्यासाठी एक जुने घमेले अशी कायमची तजवीज आहे. भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी आहे. पुणेरी पाट्या येणाऱ्याला वाटेला लावण्यासाठी लिहिलेल्या असतात. ही त्याला थांबवण्यासाठी लिहिली आहे, आणि त्या कामी ती अधिक यशस्वी होते: ‘मालवाहक बंधूंनी घंटा एकदाच वाजवावी. मालकांस किंचित कमी ऐकू येते, सबब उत्तर न मिळाल्यास पुन्हा वाजविण्यास हरकत नाही. प्रथम पाणी घ्यावे. घाई करू नये.’

वार्षिक सभेत ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ असा ठराव आला असता, तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला जी सवलत आहे ती तांदळाची गोणी खांद्यावर घेतलेल्या मनुष्याला का नाकारावी, एवढाच प्रश्न त्यांनी उभे राहून विचारला आणि ठराव बारगळला. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला, हे येथे नमूद करून ठेवतो. कारण पुढचा मजकूर त्यांच्या विरुद्ध जाणारा आहे.

खाली दुचाकी आडवी लावून, हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खोचून, पाठीवरच्या पिशवीतून नेमके खोके उपसत एखादा तरुण ‘काका, ओटीपी सांगा’ म्हणतो.

‘आधी बसा हो. गाव कोणतं तुमचं?’

‘लातूर. काका, ओटीपी?’

‘म्हणजे चारशे तेरा!’ असा आनंदोद्गार काढून ते पिनकोडाच्या प्रांतात शिरतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली, ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ आणि शिवाय संस्कृतचे पंडित, पहिला आकडा चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश... छत्तीसगड येईपर्यंत पुढच्या दोन घरांतून तरुणाला विचारणा होऊन गेलेली असते. मग चष्म्याचा शोध सुरू होतो. मग ओटीपीचा एकेक आकडा, प्रत्येकाची रुजुवात करून, सावकाश उच्चारला जातो. आणि शेवटचा आकडा सांगून झाल्यावर ध्यानात येते की तो संदेश कालच्या गॅस सिलिंडरचा होता.

काकूंची रीत निराळी. त्या घरात असल्या की घंटेबरोबर दार उघडते, ओटीपी एका दमात सांगितला जातो, खोके आत येते, कागदात गुंडाळलेला राजगिऱ्याचा लाडू बाहेर जातो आणि ‘पळ रे बाळा’ या दोन-तीन शब्दांत समारंभ आटोपतो. गाव, पिनकोड, घमेले यांपैकी कशाचाही उल्लेख होत नाही. मुले हल्ली फाटकापाशी उभी राहूनच फोन करतात, ‘काकू आहेत ना घरी?’ ही चौकशी प्रकृतीविषयीच्या आस्थेची आहे, असे पार्सलमित्र समजतात.

गेल्या महिन्यात काकू लेकीकडे नागपूरला गेल्या, आणि त्या परत येईपर्यंत त्यांच्या घरचे एकही पार्सल वर आले नाही. सारी खाली वॉचमनच्या खोलीत जमा होत राहिली. पार्सलमित्र रोज संध्याकाळी ती आणायला खाली उतरत, सोबत तांब्या घेऊन. आणि वॉचमनला तर नोकरीच्या शर्तीनुसार जागा सोडून जाता येत नाही.