अनोळखी तळ्याचे तात्या

साताऱ्यात त्यांना तात्या म्हणतात, सांगलीत आण्णा. कराडच्या बाजूला एखादे बापू असतात. वय पन्नाशीच्या पुढचं, नोकरी बँकेतली, झेडपीतली नाहीतर एसटीतली, आणि तीही आता संपत आलेली. एरवी हा माणूस चारचौघांसारखाच दिसतो. ओळखायची खूण एकच : पूल आला की गाडीचा वेग कमी होतो. संगम माहुलीच्या पुलावर मागचे हॉर्न वाजवून दमले तरी जो इसम मान वाकडी करून पाण्यातच बघत चालला असेल, तो तात्या समजावा.

तात्यांना गळाचा नाद आहे. नाद कुणालाही असतो, त्यात विशेष नाही. पण तात्यांच्या नादाला पोटजात आहे. माहितीच्या पाण्यावर ते बसत नाहीत. कण्हेरला गेलं की ओळखीचे दहाजण भेटतात, काल काय घावलं ते सांगून मोकळे होतात, आणि तात्यांना बोलायला जागाच उरत नाही. राजेवाडीचा तलाव चांगला मोठा, इंग्रजांच्या काळातला. पण "तिथं सगळं जग जातं" म्हणून बाद. सांगलीच्या आण्णांचं कारण त्यामानाने सबळ आहे. कृष्णेत भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि रात्रीच्या वेळी काठावर बसल्यावर कोण कुणाला धरणार हे आधी ठरवता येत नाही. त्यामुळे दोघांचाही डोळा माण-आटपाडीकडच्या लहान, बिननावाच्या तळ्यांवर. एसटीच्या खिडकीतून उताराखाली पाणी चमकलं, की तात्या पुटपुटतात, "हितं असणार." काय असणार? कटला. केवढा? यावर ते नुसते हसतात.

मोहिमेची तयारी शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरात होते. जुन्या परातीत शेंगपेंडीचा भुगा, त्यात भाताचा कोंडा, तव्यावर भाजलेलं बेसन, बडीशेपेची पूड आणि गुळाचं पाणी. हे सगळं तात्या असं मळतात की काकूंना लग्नाच्या वर्षाची आठवण व्हावी. त्यानंतर त्यांनी घरात कणीक मळलेली नाही. शेवटी दाराकडे एकदा बघून खिशातून कंदी पेढा निघतो. अर्धा गोळ्यात कुस्करला जातो, अर्धा तात्यांच्या तोंडात जातो. सातारच्या पेढ्यापुढे कटल्याचं काही चालत नाही, असं त्यांचं मत आहे. सांगलीचे आण्णा यावर कुत्सित हसतात आणि आपल्या गोळ्यात हळद घालतात. दोघांचीही आमिषं माशांनी सारख्याच निष्ठेने नाकारलेली आहेत.

अलीकडे यात यूट्यूबची भर पडली. इंग्लंडात लोक एका कार्प माशासाठी दोन-दोन रात्री तंबू ठोकून राहतात, मासा लागला की काठीखालचं यंत्र कोकलतं, मग त्याला ओल्या गादीवर निजवून, जखमेला औषध लावून, फोटो काढून परत सोडतात, हे तात्यांनी पाहिलं. सोडण्याचा भाग त्यांना पटला. (त्याची त्यांना आधीपासूनच सवय होती. फक्त त्यांच्या बाबतीत तो निर्णय मासा घेत असे.) यंत्राऐवजी त्यांनी काठीला घुंगरू बांधलं. तिकडचे लोक आमिष गळाला टोचत नाहीत, शेजारी केसाएवढ्या दोऱ्यावर लोंबतं ठेवतात; पहिले प्रयोग तर खरोखरच माणसाच्या केसावर झाले होते. हे कळल्यावर तात्यांनी काकूंकडे एका केसाची मागणी केली. काकू म्हणाल्या, "तुमच्या नादापायी डोक्यावर राहिलेत किती, ते आधी बघा." त्या दिवसापासून तात्या तंगूसच वापरतात.

कुणी फारच हसलं तर मात्र ते ठेवणीतलं शस्त्र काढतात. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदही आहे. कोणत्या माशाला काय चारावं, दोरी कशी असावी, काठी कशी धरावी, सगळं तपशिलाने. आपला मुलूखही तेव्हा चालुक्यांच्याच अमलाखाली. "राजा होता, तरी बसायचा," तात्या म्हणतात, "आणि तुमची काकू मला विचारते, तिथं बसून मिळतं काय."

एका दिवाळीनंतर त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसायची वेळ माझ्यावर आली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी. गोंदवल्याला तात्या थांबले, चपला काढल्या, गांडुळांचा डबा गाडीलाच राहू दिला आणि महाराजांचं दर्शन घेऊन आले. काय मागितलं ते मी विचारलं नाही. म्हसवड गेलं, दिघंचीच्या अलीकडे गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि बाभळींच्या आड ते तळं आलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर या भागात रोजगार हमीवर लोकांनी टोपलं-टोपलं माती वाहून पाझर तलाव बांधले, त्यांतलंच एक. बांधावर एक म्हातारी शेळ्या घेऊन घरी निघाली होती. मी म्हटलं, तिला विचारू या. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंड मिटलं.

इथे जरा शास्त्र सांगायला हवं. रोहू, कटला, मृगळ ही मूळची गंगेकडची मंडळी. साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाहीत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची पैदास करून दाखवली, आणि पुढे देशभर मत्स्यबीज मिळू लागलं. सायप्रिनस तर परदेशातला. 1939 मध्ये सिलोनमार्गे निलगिरीत उतरला. म्हणजे माणदेशातल्या पाझर तलावात यातला मासा दिसला, तर तो कुणीतरी पिशवीतून आणून सोडलेला असतो. आणि कुणी, कधी, किती सोडला हे त्या गावातल्या शेळीलासुद्धा ठाऊक असतं. एक प्रश्न विचारला की काम भागतं. पण तात्या तो विचारणार नाहीत. विचारलं तर कळेल, आणि कळलं तर रात्रभर करायचं काय?

त्याऐवजी त्यांनी तळं 'वाचलं'. वारं पूर्वेला वाहतंय, म्हणजे खाणं त्या काठाला लागणार, म्हणून आम्ही सामान त्या काठाला नेलं. अंधार पडल्यावर वारं फिरलं, आम्हीही फिरलो. मधोमध बुडबुडे आले. "सायप्रिनस चिखल उकरतोय," तात्या कुजबुजले. मला वास बाभळीच्या कुजलेल्या पाल्याचा येत होता. कटला इथे आला कुठून, याचंही उत्तर तयार होतं : कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात, ते टप्प्याटप्प्याने आटपाडीपर्यंत येतं, त्याबरोबर मासाही येतो. पंपातून येताना त्याचं काय होत असेल, या शंकेला तात्यांनी घोंगडी अंगावर ओढून उत्तर दिलं.

रात्री घुंगरू पुष्कळदा वाजलं. दर वेळी तात्या चपळाईने उठत, झटका मारत आणि रिकामा गळ बघून म्हणत, "मोठा आहे. हुशार आहे." अखेर एकदा ओझं लागलं. दोघांनी मिळून ओढलं. पेढ्याचा गोळा नांगीत घट्ट धरून एक खेकडा वर आला. त्याच्या चेहऱ्यावर सोडण्याचा कसलाही विचार दिसत नव्हता.

पहाटेच्या सुमाराला बांधावरून बॅटरी आली. तळं मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेलं, हा तिचा राखणदार.

"कुठलं पाव्हणं?"

"साताऱ्याचं."

"काय घावलं?"

"अजून नाही. कटला पहाटेच चरायला येतो."

"ह्यात?" राखणदार खाली बसला. "आवो, एप्रिलात ह्यात पोरं क्रिकेट खेळत हुती. गणपतीच्या आदी बोटुकली सोडलीया. आत्ता आसतील वीत-वीत."

तात्या क्षणभरच थांबले. "चिखलात एखादा जुना राहतो."

"चिखूल न्हवताच. भेगा पडल्या हुत्या, पाय जाईल एवड्या."

"टेंभूचं पाणी?"

"त्यो पाट तिकडं, डोंगराच्या पल्याड."

"मग खालून झरा असणार."

राखणदाराने बिडी पेटवली. "झरा आसता, तर आमच्या बाया उन्हाळाभर टँकरमागं कशाला पळाल्या आसत्या?"

याला तात्यांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मुकाट्याने संस्थेची पावती फाडली, ठरल्यापेक्षा वीस रुपये जास्तच दिले आणि भाकरी-खर्डा पुढे केला. राखणदाराने भाकरी खाल्ली आणि खेकडा रश्श्याला नेला.

दुपारी घरी पोचलो तेव्हा काकूंनी बाजारातून आणलेली सुरमई तव्यावर होती. तात्या समाधानाने जेवले. त्यांना गोड्या पाण्यातला मासा मुळात खाववतच नाही. काटे फार असतात. हात धुताना म्हणाले, "ते तळं तयार होतंय. पण त्याच्या पुढं, डावीकडं एक पाणी दिसलं का तुला?"

तेव्हा तुमच्या गावाकडे आडबाजूला एखादं लहानसं तळं असेल, तर तात्यांना जरूर कळवा. रस्ता सांगा, बसायला सावली कुठे आहे ते सांगा. त्यात मासा आहे की नाही, एवढं मात्र सांगू नका.