कॅप्टनचा सदरा

कॅप्टन कर्क लिफ्टमध्ये शिरतो तेव्हा त्याच्या अंगात पिवळसर सोनेरी सदरा असतो. दार मिटतं. दार उघडतं, आणि तो बाहेर पडतो तो छातीवरून आडवा गुंडाळलेला हिरवा अंगरखा घालून. चेहऱ्यावर मात्र काहीच न घडल्याचा भाव. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतला 'चार्ली एक्स' हा भाग १५ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. मालिका सुरू होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, म्हणजे अंगाची हळद उतरायच्या आत कपड्यांचा घोळ सुरू झाला. आता ज्या यानातली माणसं उभ्या जागी विरघळतात आणि खालच्या ग्रहावर पुन्हा घट्ट होतात, जे यान प्रकाशालाही मागे टाकून जातं, तिथे एक सदरा बदलला म्हणून कुणी हळहळावं असं काही नाही. पण प्रेक्षकाचं मन विचित्र. प्रकाशाचा वेग ओलांडा, तो हूं की चूं करत नाही. सदऱ्याची बाही चार बोटं इकडची तिकडे झाली की ताडकन उठून बसतो. प्रकाशाच्या वेगाने कुणी कधी गेलेलं नसतं, सदरा मात्र प्रत्येकानेच घातलेला असतो.

या लिफ्टवर चाहत्यांनी केलेली भाष्यं ऐकण्यासारखी आहेत. कुणी म्हणतं, लिफ्ट वाटेत कॅप्टनच्या खोलीपाशी थांबली असणार, आपल्याला तेवढं दाखवलं नाही. कुणी म्हणतं, यान मोठं आहे, लिफ्ट आडवीही धावते, तेव्हा प्रवास चांगला लांबचा असणार. लहानपणी देवळात पुराण ऐकताना एखादी आजी मधेच विचारायची, "अहो, पण तो तर मागच्या अध्यायात मेला होता ना?" बुवा क्षणभर चिपळ्या थांबवून असं काही शंकासमाधान करायचे की मेलेला माणूस जिवंत होऊन वर आणखी पुण्यवान ठरायचा. चाहत्यांचं निरूपण त्याच जातीचं. खरं कारण अगदीच घरगुती असतं. अशा मालिकेचं चित्रीकरण सलग होत नाही. दाराच्या अलीकडचं दृश्य एका दिवशी, पलीकडचं दुसऱ्या, आणि दोन दिवसांच्या मधल्या खुंटीवर कुठला सदरा होता हे कुणाच्या तरी लक्षातून निसटतं. पण 'कुणीतरी विसरलं' या उत्तराने श्रद्धावानाचं पोट कधी भरलंय?

ही सगळी मंडळी रिकामटेकडी असतील असा माझा बरीच वर्षं समज होता. मग फिल फॅरंड नावाच्या गृहस्थांचं पुस्तक पाहिलं. पुढे आलेल्या नव्या 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या चुका वेचून वेचून त्यांनी १९९३ मध्ये एक जाडजूड पुस्तक काढलं आणि पुढच्याच वर्षी जुन्या मालिकेवर दुसरं. चुका काढणाऱ्याबद्दल माझ्या मनात एक खडूस, चष्म्यावरून बघणारा परीक्षक होता. इथे मात्र एकेक भाग दहा-दहा वेळा बघून, कुणाच्या बाहीवरची सोनेरी फीत कुठल्या प्रसंगात एकने कमी झाली ते टिपणारा माणूस होता, आणि दहा वेळा कुणी कशाकडे बघतं ते रागाने नसतं बघत. कर्कच्या यानावरची अधिकारी उहुरा सुरुवातीच्या काही भागांत सोनेरी पोशाखात दिसते, मग कायमची तांबड्यात जाते. तिची बदली झाली की बढती, यावर या लोकांनी जितका विचार केलाय तितका विचार माझ्या बदलीवर माझ्या कचेरीनेही केला नव्हता.

सगळ्यांत जुनं भांडण मात्र रंगाचं. कॅप्टनचा रोजचा सदरा सोनेरी, हे पडद्यावर बघणाऱ्या कुणालाही दिसतं. पोशाख करणारे विल्यम वेअर थाईस मात्र सांगायचे की तो हिरवा होता. कच्च्या कैरीच्या आतल्या बाजूला असतो तसला पिवळट हिरवा. कापड होतं वेलूर, मखमलीसारखं लवदार, आणि स्टुडिओच्या भगभगीत दिव्यांखाली त्या काळच्या फिल्मवर ते सोनेरी उमटायचं. तोच रंग दुसऱ्या कापडाला दिला की हिरवाच यायचा, म्हणून लिफ्टमधून बाहेर आलेला अंगरखा हिरवा, समारंभाचा पोशाखही हिरवा. म्हणजे नीट पाहिलं तर कॅप्टनने त्या लिफ्टमध्ये रंग बदललाच नव्हता, फक्त कापड बदललं होतं. मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीची तेव्हाची मालक आरसीए ही कंपनी रंगीत टीव्ही विकायची. तेव्हा मालिकेत रंग ठसठशीत असावेत यात नवल नाही. पण ज्या रंगासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच पडद्यावर चोरवाटेने दुसरा होऊन पोचला, आणि गेली साठ वर्षं लोक दोन तट करून भांडताहेत.

आम्ही या भांडणात कुठल्याच तटात नव्हतो. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, आणि आमच्या घरचा टीव्ही होता कृष्णधवल. शटरवाला, चार पायांवर उभा, वर विणलेला रुमाल. त्यात कर्कचा सदरा राखाडी, त्याच्या सहकाऱ्याचा, स्पॉकचा, त्याहून जरा गडद राखाडी आणि यानाबाहेरचं अनंत अवकाश वडिलांच्या कार्यालयीन पॅन्टच्या रंगाचं. लाल सदरा घालून खाली उतरलेला माणूस हमखास मरतो, हे जगभरच्या पोरांना पहिल्या दोन मिनिटांत कळायचं. आम्हांला तो मेल्यावरच कळायचं. या बाबतीत आमची मालिका त्यांच्यापेक्षा जास्त रहस्यमय होती, असं मी आजही मानतो.

आई याच वेळी खिडकीपाशी पायमशीनवर बसलेली असायची. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, कधी शाळेचे गणवेश. इंग्रजी तिला येत नव्हतं, त्यामुळे संवादांची तिला अडचणच नव्हती. वडील विज्ञान बघायचे, मी मारामाऱ्या बघायचो, ती शिवण बघायची. "खिसा नाही यांच्या सदऱ्याला," ती पहिल्याच रविवारी म्हणाली. "रुमाल ठेवतात कुठे?" वडिलांनी मला सांगितलं की तेविसाव्या शतकात रुमाल लागत नाहीत. ते तिने ऐकलं असेल, पण पटलं नसावं. मशीन दोन टाके जोरात धावलं. कर्कचा सदरा मारामारीत खांद्यापाशी टरकन फाटायचा, आणि तो दर दोन-चार आठवड्यांनी फाटायचाच. मी श्वास रोखून धरायचो, ती दोरा दाताने तोडत म्हणायची, "शिवणीवर नाही गेला. कापडावर गेला. रफू करून उपयोग नाही आता."

एका रविवारी तिने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. चालतं मशीन ती कुकरच्या शिटीलासुद्धा थांबवत नसे. पडद्यावर कॅप्टन खुर्चीतून उठला होता आणि हात वर करून कुणाला तरी काही बजावत होता. मनगटाच्या वर बाही गेली होती, कमरेपाशी सदरा वर सरकला होता. "ह्याचा सदरा आटलाय," आई म्हणाली. वडील हसले. म्हणाले, "अगं, ते भविष्यकाळातलं कापड आहे." "भविष्यातलं असो नाहीतर मंगळदास मार्केटातलं," ती म्हणाली, "आटलाय. मागच्या वेळी बाही इथपर्यंत होती." आणि तिने आपल्या मनगटावर खडूने एक रेघ ओढून दाखवली. ती पांढरी रेघ संध्याकाळी भाकऱ्या थापताना पिठात मिसळून गेली.

जाता जाता एका पत्राचा मजकूर सांगायला हवा. कर्कच्या एंटरप्राइज यानाच्या लोकांच्या छातीवर बाणाच्या टोकासारखं एक चिन्ह असतं. पण जुन्या मालिकेत दुसऱ्या यानांचे कप्तान येतात तेव्हा त्यांच्या छातीवर कधी वेगळीच चिन्हं दिसतात. यावरून चाहत्यांनी एक सुंदर सिद्धान्त उभा केला: प्रत्येक यानाला स्वतःचं चिन्ह. त्यावर तक्ते झाले, बिल्ले निघाले, पोटसिद्धान्त निघाले. आणि जवळजवळ अर्ध्या शतकाने डिसेंबर १९६७ मधलं एक पत्र उजेडात आलं. मालिकेचे एक निर्माते रॉबर्ट जस्टमन यांनी ते थाईस यांना लिहिलेलं. रोजचे रशेस, म्हणजे नुकतीच चित्रित झालेली दृश्यं, बघताना दुसऱ्या यानाच्या कॅप्टनच्या छातीवर भलतंच चिन्ह दिसलं; सगळ्या तारायानांचं चिन्ह एकच आहे, हे आपलं ठरलं होतं ना? सूर प्रेमळ दमदाटीचा. म्हणजे तो अख्खा सिद्धान्त एका शिंप्याच्या चुकीवर उभा होता, आणि ती चूक तेव्हाच पकडलीही गेली होती. चाहते खचले असतील असं वाटेल. छे! आपल्याकडे वीस वर्षं कुणी हटकलं नाही तर पायवाटेची वहिवाट होते, हे गावातला कुणीही सांगेल. या चुकीला तर जवळजवळ पन्नास झाली होती.

थाईस यांचं मला मनापासून वाईट वाटतं. १९८७ मध्ये नवी मालिका आली तेव्हा पोशाख पुन्हा त्यांच्याकडेच होते. या वेळी त्यांनी स्पॅन्डेक्स घेतलं, आणि सुरकुती पडू नये म्हणून अंगापेक्षा एक माप लहान शिवलं. सुरकुती पडली नाही, नटांच्या पाठी मात्र धरल्या. तिसऱ्या वर्षी दुसरे पोशाखकार आले, लोकरीचा दोन तुकड्यांचा गणवेश आला, आणि वरचा तुकडा बसता-उठता वर चढू लागला. या मालिकेतले कॅप्टन झालेले पॅट्रिक स्ट्युअर्ट उभे राहिले की दोन्ही हातांनी तो खाली ओढायचे. चाहत्यांनी या ओढण्याला त्या मालिकेतल्याच, कॅप्टनच्या नावाने गाजलेल्या एका युद्धडावपेचाचं नाव देऊन टाकलं. मी लग्नसमारंभात खुर्चीवरून उठताना कुडता असाच खाली ओढतो, पण माझ्या नावाने अजून कुठला डावपेच प्रसिद्ध झालेला नाही.

शिवणाऱ्यांच्या भाषेत एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोर वाढेल, बाई अंगाने भरेल, कापड आटेल, म्हणून आत दोन बोटं माया ठेवायची. वेळ आली की उसवून सोडायची. आईने शिवलेले माझे शाळेचे सदरे दोन-दोन वर्षं पुरायचे ते या मायेवर, फक्त जुन्या शिवणीची रेघ गडद उठून दिसायची. लिफ्टच्या आडव्या प्रवासाबद्दल वाचताना, उहुराच्या बढतीबद्दल वाचताना मला ती रेघ आठवते. कापड कमी पडलेलं दिसतं, आणि कुणीतरी आतून सोडून ते पुरतं केल्याचंही.

परवा वाचताना वेलूरचं पुढलं प्रकरण सापडलं. ते कापड दर धुलाईला आटायचं. पहिली दोन वर्षं सदरे आखूड होत गेले, आणि १९६८ मध्ये तिसऱ्या वर्षाला निर्मात्यांनी वेलूर सोडून न आटणारं नायलॉन घेतलं. मी लगेच आईला फोन लावला. ती आता ब्याऐंशीची आहे, मशीन भाचीकडे गेलंय. "आई, तो यानातला कॅप्टन आठवतो? त्याचा सदरा खरंच आटला होता. छापून आलंय." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "शिवायच्या आधी कापड रात्रभर बादलीत भिजत घालायचं असतं. आणि आत माया ठेवायची. एवढ्या मोठ्या यानात एकालाही माहीत नव्हतं?"